ज्यांनी पाला ओळखायला शिकवला

मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की बुलडाणा जिल्ह्यातील गावोगावच्या गायरानावर, रस्त्याच्या कडेला, वस्तीमागच्या पडीक जागेवर तरोटा उगवतो. दोन-चार पाने फुटली की बाया ओटी खोचून निघतात आणि कोवळा तरोटा खुडून आणतात. त्याच्या मागोमाग घोळ येते, चिवळ येते, केना येतो, कुंजरू येतो. पावसाने जोर धरला की कुंपणावरच्या वेलाला काटवल लागतात. हे कुणी पेरलेले नसते. त्याला कुणी खत घातलेले नसते. त्यावर कुणाचा सातबारा नसतो. म्हणूनच ज्यांच्या नावावर कधी सातबारा नव्हता, त्या आमच्या मायमाउल्यांना हा पाला सर्वात जास्त ठाऊक होता.

गेल्या काही वर्षांत या भाज्यांचे दिवस पालटले आहेत. २०२० पासून राज्याचा कृषी विभाग ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. मांडव पडतो, फीत कापली जाते, भाज्यांपुढे नावाच्या चिठ्ठ्या लागतात आणि शहरातील माणसे कौतुकाने जुड्या विकत घेतात. आमचा याला विरोध नाही. विक्रीला बसलेल्या बाईच्या हातात चार पैसे पडत असतील तर आम्हाला आनंदच आहे. पण हीच भाजी आमच्या ताटात होती तेव्हा तिला दरिद्र्याची भाजी म्हणत होते. शाळेत आमच्या डब्यातला तरोटा पाहून नाक मुरडणारे होते. भाजी तीच राहिली, ताट बदलले आणि तिला प्रतिष्ठा आली! त्या मांडवात भाजीचे नाव असते. ही भाजी खाण्याजोगी आहे हे ज्यांनी पिढ्यानपिढ्या स्वतःच्या पोटावर प्रयोग करून ठरवले, त्यांचे नाव मात्र शोधावे लागते. आज आम्हाला त्यांच्या ऋणाविषयी लिहायचे आहे.

आमची आजी घाटाखालची, नांदुरा तालुक्यातील. तिला अक्षरओळख नव्हती. कागदावर अंगठा उठवायची. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जात होती. कामावरून परतताना नाल्याकाठचा, विहिरीकाठचा काही ना काही पाला तिच्या ओटीत असायचा आणि त्यावर घरातली तोंडे जगायची. पुढे आम्ही तिच्यामागे रानात फिरलो. "बापू, घोळ अन् चिवळ एकसारकी दिसते, पण पान पाह्य. घोळीचं मोठं अन् जाड, चिवळीचं बारीक," असे ती सांगायची. "रुईचा चीक डोयात जाऊ देऊ नको." "याले आता फूल आलं, आता हे निबर झालं, राहू दे." आणि दर वेळी न चुकता एक वाक्य असे: "सारं खुडू नको, बी पडू दे."

आजीच्या त्या शिकवणीला त्या काळी कुणी ज्ञान म्हटले नाही. आम्हीही म्हटले नाही. आज विचार करतो तेव्हा कळते की त्यात निरीक्षण होते, तुलना होती, ऋतूचे भान होते, धोक्याची सूचना होती आणि उद्यासाठी राखून ठेवण्याची शिस्तही होती. विज्ञानाला आणखी काय लागते? लागते ती नोंद. तेवढी मात्र तिच्याकडे नव्हती, कारण लेखणी तिच्या हाती येऊ दिली गेली नव्हती. लेखणी आमच्या हाती आली ती फुले-आंबेडकरांच्या पुण्याईने. पण आम्ही शिकलो, नोकरीला लागलो, शहरात घर बांधले आणि आजीला कधी विचारले नाही. ती गेली तेव्हा किती झाडांची नावे तिच्याबरोबर गेली, याचा हिशेब आम्हाला मांडता येणार नाही. मागच्या पावसाळ्यात विहाराच्या आवारात एका मुलाने कुंपणावरच्या वेलाचे नाव विचारले. आम्ही पदवीधर चार जण तिथे उभे होतो. कुणालाच सांगता आले नाही. अंगण झाडणाऱ्या एका म्हाताऱ्या माउलीने झाडू खाली ठेवला, एक पान चुरगळून वास घेतला आणि नाव सांगितले. शिवाय त्याची भाजी कशी करायची, तेही सांगितले. आम्ही तिला धन्यवाद दिले. ती हसली आणि पुन्हा झाडायला लागली. त्या एका कोरड्या धन्यवादाने ते ऋण फिटले का? हा लेख त्याच प्रश्नातून निघाला आहे.

हे ज्ञान कुणाकडे का आले, हे नीट समजून घेतले पाहिजे. आपला जिल्हा तीन पट्ट्यांचा. उत्तरेला जळगाव जामोद आणि संग्रामपूरकडे सातपुड्याची रांग, मध्ये पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे, आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरावर वसलेला घाटावरचा मुलूख. सातपुड्याच्या पायथ्याला अंबाबरवा अभयारण्य आहे, बुलडाणा-खामगावच्या मधल्या डोंगरात ज्ञानगंगा अभयारण्य आहे. या रानात साग, सालई, धावडा, अंजन, पळस, मोह आहेत. त्यांची खरी ओळख सातपुड्यातील कोरकू आणि भिल्ल बांधवांना आहे. माळरान आणि गवत पारध्याला ठाऊक, पण त्या पारध्याच्या कपाळावर इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का बसला आणि तो अजून पुरता पुसला गेला नाही. अंबाडीचा वाख कसा काढायचा आणि शिंदीच्या पानाची केरसुणी कशी बांधायची हे मातंग समाजाला ठाऊक. बांबू कधी तोडला तर त्याला कीड लागत नाही हे बुरुडाला ठाऊक. मुळी-सालीची पारख वैदूला. बिबा फोडून त्यातली गोडंबी काढणाऱ्या बायांना त्याच्या तेलाने कातडी कशी भाजते, हे हाताच्या डागांनी ठाऊक. आणि गावाच्या वेशीवर पहारा करणाऱ्या, दवंडी देणाऱ्या, रात्री-अपरात्री सांगावा घेऊन दुसऱ्या गावी जाणाऱ्या महाराला वाटेवरचे प्रत्येक झाड ठाऊक.

वर्णव्यवस्थेने ज्यांना गावाबाहेर ठेवले, त्यांनी गावाबाहेरचे जग ओळखून काढले. पोथी ज्यांच्यासाठी बंद होती, त्यांनी रान वाचले. महात्मा फुल्यांनी हे ओळखले होते. १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी उंबर-जांभळाची फळे खाऊन आणि पळस-मोहाची फुले-पाने विकून गुजराण करणाऱ्या गरीब शेतकऱ्याचे वर्णन केले आहे, आणि जंगल खात्याने डोंगर व गायराने ताब्यात घेऊन त्याचा तो आधार कसा तोडला हेही सांगितले आहे. रानाचा प्रश्न हा भाकरीचा आणि हक्काचा प्रश्न आहे, हे त्यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले.

काही बांधव म्हणतील, चळवळीसमोर आरक्षणाचा, अत्याचाराचा, शिक्षणाचा प्रश्न उभा असताना हे झाडपाल्याचे काय घेऊन बसलात? त्यांना आम्ही धम्माकडे नेऊ. आपण घराघरांत महामंगल सुत्त म्हणतो. त्यात जी मंगले सांगितली आहेत, त्यांत एक आहे कतञ्ञुता, म्हणजे कृतज्ञता. भगवान बुद्धांनी दोन प्रकारची माणसे जगात दुर्मीळ सांगितली आहेत. एक, जो आधी उपकार करतो तो, आणि दुसरा, जो केलेला उपकार जाणतो आणि जाणून तो व्यक्त करतो तो. केवळ मनात जाणणे पुरेसे नाही. ते कृतीत दिसले पाहिजे. आणि बुद्धांचा वैद्य जीवक आठवा. उकिरड्यावर टाकून दिलेले ते मूल. तक्षशिलेला सात वर्षे शिकल्यावर आचार्यांनी त्याला कुदळ देऊन सांगितले की शहराभोवती योजनभर फिर आणि औषधी नसलेली एखादी वनस्पती घेऊन ये. जीवक सगळीकडे फिरला आणि रिकाम्या हाताने परतला. औषधी नाही अशी एकही वनस्पती त्याला सापडली नाही. आचार्य म्हणाले, तुझे शिक्षण पूर्ण झाले. उकिरड्यावरच्या मुलाने उकिरड्यावरच्या झाडातही गुण पाहिला. ही आपली परंपरा आहे.

ऋण कसे फेडायचे, हे बाबासाहेबांनीही दाखवले आहे. १९४६ मध्ये शूद्र पूर्वी कोण होते याचा शोध घेणारा ग्रंथ त्यांनी महात्मा जोतीराव फुल्यांना अर्पण केला. १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मूळ शोधाचा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. चोखोबांचे जन्मगाव परंपरेने आपल्याच जिल्ह्यातील देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा मानले जाते. म्हणजे बुलडाणा जिल्ह्याच्या मातीतील एका महाराचे नाव बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या पहिल्या पानांवर छापले. ज्याला मंदिराच्या दाराबाहेर ठेवले, त्याचे नाव ग्रंथाच्या दारावर लावले. ऋण मानायचे तर नाव घेऊन, छापून, जगासमोर मानायचे, हा धडा आपल्याला घरातच मिळाला आहे.

आता ज्यांनी लिहून ठेवले, त्यांचेही ऋण मानू. भारतीय वनस्पती सर्वेक्षण या केंद्र सरकारच्या संस्थेने २००० साली बुलडाणा जिल्ह्यातील वनस्पतींवर एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. पी. जी. दिवाकर आणि बी. डी. शर्मा या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तो सिद्ध केला. असा ग्रंथ खुर्चीत बसून होत नाही. प्रत्येक ऋतूत रान तुडवावे लागते, नमुने दाबून वाळवावे लागतात, फुलाची पाकळी न् पाकळी तपासून झाडाला त्याचे शास्त्रीय नाव द्यावे लागते. नंतर कुणालाही कुठेही पडताळून पाहता येईल अशी ती नोंद असते. आपल्या जिल्ह्याची अशी नोंद झाली, याबद्दल आम्ही या शास्त्रज्ञांचे आभारी आहोत. जिल्ह्यातील जे शिक्षक, प्राध्यापक आणि विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन रानात जातात, झाडांना नावाच्या पाट्या लावतात, गावातल्या म्हाताऱ्यांजवळ बसून वहीत लिहून घेतात, त्यांचेही आभारी आहोत. त्यांना यासाठी कुणी बढती देत नाही.

पण शास्त्रज्ञ रानात जातो तेव्हा त्याच्यापुढे वाटाड्या चालत असतो. त्याचे काय करायचे, याची दोन उदाहरणे आम्ही वाचकांपुढे ठेवतो. दोन्ही केरळातील आहेत. पहिले साडेतीनशे वर्षांपूर्वीचे. मलबारचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने तिथल्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. १६७८ ते १६९३ या काळात तो अॅमस्टरडॅमला छापला गेला. डचांनी तो आपल्या फायद्यासाठी केला, हे उघड आहे. पण त्या ग्रंथाला माहिती पुरवणारा मुख्य वैद्य होता इट्टी अच्युतन. तो एझवा समाजाचा, म्हणजे अवर्ण. ज्या समाजाला १९२४ मध्ये वायकोमच्या मंदिराभोवतीच्या रस्त्यावरून चालण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाचा. ग्रंथाच्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतनची साक्ष त्याच्या स्वतःच्या भाषेत आणि लिपीत छापली आहे. त्याच खंडात तीन कोकणी पंडितांचे देवनागरीतील पत्रही आहे. अवर्ण वैद्य आणि ब्राह्मण पंडित एकाच ग्रंथात साक्षीदार म्हणून शेजारी बसले. जे मंदिराच्या रस्त्याने अडीचशे वर्षांनंतरही दिले नाही, ते छापील कागदाने १६७८ मध्ये दिले होते.

दुसरे उदाहरण १९८७ मधले. अगस्त्य पर्वतातील जंगलात शास्त्रज्ञांचा एक चमू काणी आदिवासी वाटाड्यांबरोबर फिरत होता. शास्त्रज्ञ दमले, वाटाडे मात्र ताजेतवाने. ते एका रोपाची फळे खात होते. शास्त्रज्ञांनी विचारले, तेव्हा वाटाड्यांनी आधी सांगायला नकार दिला, कारण ती त्यांच्या समाजाची राखून ठेवलेली माहिती होती. मग सांगितली. त्या आरोग्यपच्चा नावाच्या रोपापासून 'जीवनी' हे औषध तयार झाले. तिरुअनंतपुरमच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान संस्थेने ते तंत्र औषध कंपनीला दिले, आणि परवाना शुल्क व स्वामित्वधन यांतला निम्मा वाटा काणी समाजाला देण्याचे ठरवले. १९९७ मध्ये त्यासाठी काणींचा न्यास नोंदवला गेला. या व्यवहारात पुढे वादही झाले, सारे गोड घडले असे नाही. तरी सांगणाऱ्याला वाटा द्यायचा असतो, हे तत्त्व मान्य झाले. इट्टी अच्युतनला नाव मिळाले, काणींना वाटा मिळाला. कृतज्ञतेचे हे दोन पाय आहेत. एकावर ती लंगडी आहे.

नावाची नोंद इतकी महत्त्वाची का, हे हळदीच्या खटल्याने जगाला कळले. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरून काढण्याच्या वापराचे पेटंट मिळाले. आपल्याकडे कोणत्याही घरात बोट कापले की हळद दाबतात. पण अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातील तोंडी चालत आलेला वापर पुरावा म्हणून चालत नव्हता. छापील लागत होते. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने छापील दाखले सादर केले, तेव्हा कुठे १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. विचार करा, हळदीचे छापलेले सापडले म्हणून ती वाचली. कोरकू म्हातारीच्या तोंडी असलेल्या मुळीचे काय? त्यानंतर २००१ पासून सरकारने पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय भांडार उभे केले. चांगले केले. पण त्यात भरले गेले ते आयुर्वेद, युनानी, सिद्ध या पद्धतींच्या जुन्या ग्रंथांतले ज्ञान. म्हणजे ज्यांच्याकडे ग्रंथ होते त्यांचे ज्ञान राष्ट्राची संपत्ती ठरले. ज्यांना ग्रंथ लिहू दिले नाहीत, त्यांचे ज्ञान अजून रानातच आहे.

ही उणीव भरून काढण्याची एक वाट कायद्याने ठेवली आहे आणि ती आपल्या लोकांना फारशी ठाऊक नाही. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. या समितीने लोकांना विचारून लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची आहे. गावातली झाडे, पिके, जनावरे, त्यांचे उपयोग हे सारे त्यात लिहायचे. त्या नोंदवहीच्या नमुन्यात गावातील वैदू आणि जाणकार माणसांच्या नावांची यादी जोडायची सोय आहे. २००४ च्या नियमांत समितीवर किमान एक तृतीयांश महिला आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातीचे सदस्य घेण्याची तरतूद होती. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि काम न करणाऱ्या राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरायला सांगितले. मुदतीच्या धाकाने कागद कसे भरले जातात, हे गावच्या माणसाला सांगायला नको. शेजारच्या गावाची यादी आपल्या गावाच्या नावाने चिकटवली तरी वरच्या कार्यालयात कोण ओळखणार? ते फक्त तरोटा खुडणारी बाईच ओळखू शकते. पण तिला ती वही दाखवली आहे का?

२०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. गावच्या वैदूला त्याच्या पोटापाण्याच्या कामात मोकळीक राहिली, हे योग्यच आहे. पण त्याच दुरुस्तीने देशी उद्योगांना संहिताबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापरासाठी लाभवाटपाच्या बंधनातून मोकळे केले. संहिताबद्ध म्हणजे मान्य ग्रंथांत लिहिलेले. ज्या वनस्पतीचा गुण ग्रंथात आहे, तिच्यावर नफा कमावणाऱ्याने ती रानातून आणून देणाऱ्या आदिवासी बाईला वाटा देण्याची गरज उरली नाही. आम्ही विचारतो, त्या ग्रंथांत तो गुण आला कुठून? ग्रंथकर्ता काही प्रत्येक मुळी स्वतः चाखत बसला नसणार. गुराखी, वनवासात राहणारे, मुळ्या खणणारे यांना विचारूनच त्याने लिहिले असणार. सांगणाऱ्याचे नाव तेव्हा गळले आणि आज त्याचा वाटाही गळला! जातीची उतरंड अशी कायद्याच्या एका शब्दात लपून बसते. २०२४ मध्ये नवे नियमही आले आहेत. समित्यांची रचना कशीही बदलो, त्यात महिलांच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या हक्काच्या जागा राहिल्याच पाहिजेत, ही चळवळीची मागणी असली पाहिजे.

उशीर करण्यासारखी परिस्थिती नाही. जिल्ह्यात सोयाबीन पसरले आणि त्याबरोबर तणनाशक आले. पूर्वी निंदणाला गेलेली बाई संध्याकाळी मजुरी आणि ओटीभर भाजी दोन्ही घेऊन घरी येत होती. तणनाशकाच्या एका फवाऱ्याने तिची मजुरीही मारली आणि भाजीही मारली. शेतमालकाच्या हिशेबात ते तण होते. तिच्या घरी ते जेवण होते. दुसरीकडे परदेशी झाडांचा पसारा वाढतो आहे. जगात नाव असलेले आपले लोणार सरोवर २०२० मध्ये रामसर यादीत गेले, पण त्याच विवरात अमेरिकेतून आलेली वेडी बाभूळ माजली आणि ती काढता काढता नाकी नऊ आले. राज्यात २०१६ पासून वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा झाल्या, २०१९ चे उद्दिष्ट ३३ कोटींचे होते. खड्डा खणायला आमची माणसे मजुरीवर होती. पण या मातीत कोणते झाड टिकते, हे खड्डा खणणाऱ्याला किती ठिकाणी विचारले गेले?

याच महाराष्ट्रात विचारले गेले तेव्हा काय झाले, हेही पाहा. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे या महादेव कोळी आदिवासी समाजाच्या. शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान बियाणे जपले, मातीच्या घरात बियाण्यांची बँक उभी केली आणि बाया-बापड्यांना बी वाटले. पुढे बाएफ या संस्थेने त्यांच्या कामाला हात दिला. २०२० च्या पद्मश्री यादीत त्यांचे नाव आले. राहीबाईंचा सन्मान झाला याचा आम्हाला अभिमान आहे. पण आमच्या जिल्ह्याच्या १३ तालुक्यांत अशा किती राहीबाई कुणाला ठाऊक नसताना म्हाताऱ्या झाल्या असतील?

दोन गोष्टी मात्र आम्ही स्पष्ट सांगतो. बाबासाहेबांनी आपल्याला गावगाड्याच्या गुलामीतून बाहेर काढले. झाडपाल्याचे गोडवे गाऊन आम्हाला कुणालाही पुन्हा मोळी विकायला पाठवायचे नाही. लादलेले काम टाकायचे, कमावलेले ज्ञान टाकायचे नाही, एवढाच आमचा मुद्दा आहे. आमची मुलगी वनस्पतिशास्त्रात डॉक्टर व्हावी आणि तिच्या प्रबंधात तिच्या आजीचे नाव असावे. दुसरे असे की जुने ते सारे सोने, हे आम्ही मानत नाही. मंत्र, उतारा, भगताची जडीबुटी यांना आमच्या विवेकात जागा नाही. साप चावला तर आधी दवाखाना. प्रत्येक दावा तपासून घ्यावा, टिकेल तो ठेवावा. कालामांना बुद्धांनी हेच सांगितले होते. आणि ज्याला सांगायचे नसेल त्याचा न सांगण्याचा हक्कही मानावा. काणी वाटाड्यांनी आधी नकार दिला होता, तो त्यांचा अधिकार होता.

मग करायचे काय? वाचकहो, आपल्या ग्रामपंचायतीत जा आणि लोकजैवविविधता नोंदवही पाहायला मागा. समितीवर कोण आहे ते विचारा. जाणकारांच्या यादीत बौद्धवाड्यातील, मातंगवस्तीतील, पारध्यांच्या बेड्यावरील, सातपुड्याच्या पाड्यावरील किती नावे आहेत ते मोजा. नसतील तर ग्रामसभेत ठराव मांडा. नोंदणीला येणाऱ्या माणसांनी सांगणाऱ्या बाईचा अर्धा दिवस घेतला तर त्या दिवसाची मजुरी तिला मिळाली पाहिजे. चहा पाजून बोळवण नको.

आणि एक काम आपल्या हातचे आहे. त्यासाठी सरकारची वाट पाहावी लागत नाही. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत वर्षावास चालतो, बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. नेमके हेच महिने रान हिरवे असण्याचे. या काळातील एक संध्याकाळ वस्तीतील म्हाताऱ्या माउल्यांसाठी ठेवा. त्यांना विहारात पुढे बसवा. त्यांनी ओटीतून पाला आणावा, मुलांनी वहीत लिहावे. झाडाचे नाव, गावचे बोली नाव, कुठे उगवते, कसे खातात, काय जपावे, आणि सर्वात वर, ठळक अक्षरांत, सांगणाऱ्या बाईचे पूर्ण नाव. ती वही विहारात ग्रंथाशेजारी ठेवा आणि तिची एक प्रत समितीकडे द्या.

आमच्या आजीसाठी ही वही उशिरा येते आहे. पण विहाराचे अंगण झाडणारी ती माउली अजून आहे. येत्या पावसाळ्यात आम्ही वही घेऊन तिच्याकडे जाणार आहोत, आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर तिचे नाव तिला विचारून लिहिणार आहोत. कारण खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्ही तिच्याकडून वेलाचे नाव ऐकले आणि तिचे नाव विचारायचे विसरलो.